पडदा जरासा पुढे सरकला

मी पॅथॉलॉजिस्ट. जिवंत पेशंट माझ्याकडे येत नाहीत. त्यांचं रक्त येतं, गाठींचे तुकडे येतात, आणि शवविच्छेदनं सर्रास होत असत त्या काळात अवयवही येत. त्यातही हृदय हा माझा विषय. म्हणून साताऱ्याकडच्या आमच्या गावात कुणाच्या बाळाच्या ‘हृदयाला भोक’ निघालं की पहिला फोन मला येतो. “आत्या, तुम्ही हार्टचंच बघता ना?” हार्टचंच बघते हे खरं, फक्त माझ्यापर्यंत ते फार उशिरा पोचतं, हे फोनवर सांगणार कसं? मग मी इकोच्या रिपोर्टचा फोटो मागवते. बहुतेकदा भोक बारीक असतं, धीर धरला की आपोआप बुजणारं. तसं सांगून फोन ठेवता येतो. पण रिपोर्टच्या तळाशी ‘टीओएफ’ ही तीन अक्षरं दिसली, तर मी चष्मा लावून नीट बसते. आता बोलणं लांबणार असतं.

टीओएफ म्हणजे टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. ज्या जन्मजात हृदयविकारांत मूल निळं पडतं, त्यांत सर्वांत जास्त आढळणारा हा विकार. दर हजार जन्मांमागे आठ ते दहा बाळांच्या हृदयाच्या घडणीत जन्मतःच काही ना काही उणं असतं. त्यातलं बरंचसं किरकोळ. टेट्रॅलॉजी दहा हजारांत तीन-चार बाळांना होते. प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त मुलं जन्माला येतात, तेव्हा दरवर्षी काही हजार घरांत ही तीन अक्षरं पोचतात.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी लिहिलेल्या असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मोठं भोक. उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी डाव्या कप्प्यावर असायची, ती सरकून भोकाच्या डोक्यावर आलेली. आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. घरची माणसं गूगल करून यादी वाचतात आणि हबकून विचारतात, “एवढ्याशा जिवाला चार-चार दोष?”

माझं म्हणणं इतकंच आहे की दोष चार नाहीत. एक आहे, आणि उरलेले त्याच्या पोटातून निघालेले आहेत. हे एकदा समजलं की मूल निळं का पडतं, धावता धावता उकिडवं का बसतं, सर्जन नेमकं काय करतात आणि कुठे टाका घालायचं टाळतात, हे सगळं ओळीने उलगडत जातं.

कात्री अडते तिथे

आमच्या कॉलेजच्या म्युझियममध्ये जन्मजात विकारांच्या हृदयांचं एक वेगळं कपाट आहे. काचेच्या चौकोनी बरण्या, आत फॉर्मॅलिन, नायलॉनच्या दोऱ्याने टांगलेलं हृदय, बाहेर नंबराची चिठ्ठी. नाव-गाव काही नाही. म्युझियमचे मामा बरणीची काच पुसताना आधी हात पुसतात, ही त्यांची पद्धत. पहिल्या वर्षाची मुलं या कपाटापुढे आली की निळं हृदय शोधतात. ते सापडत नाही. फॉर्मॅलिनमध्ये सगळीच हृदयं करड्या-तपकिरी रंगाची होतात. निळेपणा वाहत्या रक्ताचा असतो, मांसाचा नसतो. बरणीत उरते ती फक्त बांधणी.

ती बांधणी वाचायची एक रीत आहे. नवजात बाळाचं हृदय जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचं. ते हातात आलं की लगेच कापायचं नाही, आधी बाहेरून बघायचं. वरच्या दोन्ही कप्प्यांना बाहेर लोंबणारी एकेक पिशवी असते: उजवीची रुंद नि त्रिकोणी, डावीची अरुंद नि लांबट. विद्यार्थ्यांना मी इथेच थांबवते. विकृत हृदयात ‘उजवा’ कप्पा उजवीकडेच असेल असं नाही. म्हणून कप्पा कुठे आहे यावर जायचं नाही, तो कसा आहे हे बघायचं. खालच्या कप्प्यांचंही तेच. उजव्याच्या आतले स्नायूचे कंगोरे जाड नि खरबरीत, डाव्याचे बारीक, आणि त्याच्या बाजूचा पडदा वरच्या भागात गुळगुळीत. उजवी झडप मधल्या पडद्याला धरून असते, डावी धरत नाही. जगभर मुलांच्या हृदयाचा इको करणारे डॉक्टर आज ज्या क्रमाने वाचतात, म्हणजे आधी वरचे कप्पे, मग खालचे, मग बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या धमन्या आणि प्रत्येक ठिकाणी कोण कुणाला जोडलंय, तो क्रम बॉस्टनचे रिचर्ड आणि स्टेला व्हॅन प्राघ आणि इंग्लंडचे रॉबर्ट अँडरसन यांच्यासारख्यांनी अशीच हृदयं हाताळून बसवला.

मग कात्री. रक्त जसं वाहतं तशी ती चालवायची. उजव्या वरच्या कप्प्यातून आत शिरायचं, झडपेतून खाली टोकापर्यंत जायचं, तिथून वळून समोरच्या भिंतीवरून वर फुप्फुस धमनीकडे. निरोगी हृदयात कात्रीचं बोथट टोक सरळ धमनीत जातं. टेट्रॅलॉजीच्या हृदयात झडपेच्या अलीकडेच ते अडतं. तान्ह्या बाळाचं हृदय असेल तर साधी बारीक सळईदेखील घासत जाते. भिंत कापतानाही हाताला फरक कळतो. एरवी थोड्या मोठ्या मुलाच्या उजव्या कप्प्याची भिंत डाव्याच्या मानाने बरीच पातळ असते. इथे दोन्ही सारख्याच जाड लागतात.

भिंत दोन्ही बाजूंना उघडून धरली की खरी गोष्ट दिसते. उजव्या कप्प्याच्या आत, मधल्या पडद्यावर स्नायूची एक जाड पट्टी असते. वर जाऊन तिला दोन फाटे फुटतात. निरोगी हृदयात या फाट्यांच्या बेचक्यात एक छोटासा स्नायूचा भाग बसलेला असतो. तो महाधमनीची वाट आणि फुप्फुस धमनीची वाट एकमेकींपासून वेगळ्या करतो. मात्र तो इतका एकजीव झालेला असतो की बोट ठेवून दाखवता येत नाही. टेट्रॅलॉजीत तो स्पष्ट दिसतो. दिसतो याचा अर्थच तो चुकला आहे. बेचक्यात बसायच्या ऐवजी तो पुढे आणि वर सरकून, पुढच्या फाट्याच्याही समोर जाऊन चिकटलेला असतो.

वाटणीची भिंत

गावाकडे दोन भावांत वाडा वाटला जातो, तेव्हा जुन्या आडव्या भिंतीच्या टोकापासून नवी भिंत काढतात. समजा गवंड्याने ती नवी भिंत जुन्या भिंतीच्या टोकाला न जुळवता हातभर धाकट्याच्या बाजूला घातली. काय होईल? धाकट्याचं दार अरुंद होईल. थोरल्याचं दार ऐसपैस होऊन वाटणीच्या रेषेवर येईल. जुन्या आणि नव्या भिंतीत फट राहील. आणि अरुंद दारातून रोज धान्याची पोती काढून काढून धाकट्याचे दंड भरतील. भानगडी चार, गवंड्याची चूक एक.

धाकटा म्हणजे फुप्फुसाकडचा रस्ता, थोरली महाधमनी. नवी भिंत म्हणजे बेचक्यात बसणारा तो छोटा स्नायूचा पडदा. तो पुढे सरकला म्हणून फुप्फुसाची वाट आवळली. पडदा बेचक्यात आलाच नाही म्हणून बेचकं उघडं राहिलं. तेच ते भोक. महाधमनी त्या भोकाच्या डोक्यावर आली, म्हणजे आता तिच्यात दोन्ही कप्प्यांचं रक्त शिरणार. आणि अडलेल्या वाटेतून जोर लावून रक्त ढकलावं लागतं म्हणून उजव्या कप्प्याची भिंत जाड झाली.

तज्ज्ञांत यावर थोडा वाद आहे. १९७० साली व्हॅन प्राघ यांनी मांडलं की मूळ गोष्ट म्हणजे फुप्फुसाखालचा सगळा भागच नीट वाढत नाही. अँडरसन आणि त्यांचे सहकारी म्हणतात, पडदा सरकणं महत्त्वाचं, पण तेवढ्याने वाट आवळत नाही. समोरच्या भिंतीवरचे स्नायूचे कंगोरेही फुगलेले असावे लागतात. मला बरण्यांमध्ये दोन्ही दिसलं आहे. मूळ एकाच जागी आहे, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं भांडण नाही.

निळेपण कुठून येतं

आईला सांगायची पहिली गोष्ट अशी की टेट्रॅलॉजीचं बाळ बऱ्याचदा जन्मतः चांगलं गुलाबी असतं. पोटात असताना फुप्फुसं कामाला लागलेली नसतात. फुप्फुस धमनीतून महाधमनीत जाणारी एक आडवी नळी उघडी असते, तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर ती एक-दोन दिवसांत आवळते. टेट्रॅलॉजीत फुप्फुसाची वाट किती अरुंद आहे यावर पुढचं सगळं ठरतं. वाट पूर्ण बंद असेल तर डक्टस बंद होताच बाळ निळं पडतं. वाट थोडी मोकळी असेल तर महिनोन् महिने काही कळत नाही. मग स्नायू जाडावतो, वाट आणखी आवळते, आणि उजव्या कप्प्यातलं ऑक्सिजन नसलेलं रक्त भोकातून सरळ महाधमनीत जाऊ लागतं. ओठ, जीभ, नखं निळसर दिसू लागतात.

आपल्याकडे यात एक मेख आहे. रक्तात ऑक्सिजन गमावलेलं हिमोग्लोबिन ठरावीक प्रमाणात साठलं, तरच डोळ्यांना निळेपण दिसतं. ज्या मुलाचं हिमोग्लोबिनच कमी, त्याचा ऑक्सिजन घसरला तरी ते निळं दिसत नाही, नुसतं फिकट दिसतं. वर आपला सावळा रंग. म्हणून मी सांगते, बोटं बघू नका, ती थंडीनेही निळी पडतात. बाळ रडताना जीभ बघा. आणि शंका असेल तर दवाखान्यात ऑक्सिमीटर लावून घ्या. करोनात घरोघरी आलेला बोटाचा चिमटा तान्ह्या बाळाला चालत नाही, त्यांचा वेगळा असतो.

थोडं मोठं झालेलं मूल स्वतःच एक उपाय शोधून काढतं. खेळता खेळता दम लागला की ते उकिडवं बसतं. कुणी शिकवलेलं नसतं. गुडघे पोटाशी आले की पायांच्या धमन्या दाबल्या जातात, शरीराकडच्या रक्तमार्गाचा विरोध वाढतो, भोकातून महाधमनीत पळणारं रक्त मागे रेटलं जातं आणि त्यातलं जास्त फुप्फुसाकडे वळतं. दोन मिनिटांत मूल उठतं आणि परत खेळायला लागतं. तान्ह्या बाळाला हे स्वतः करता येत नाही. त्याला सकाळी उठल्यावर, दूध पिताना किंवा खूप रडल्यावर निळेपणाचे झटके येतात: श्वास जोरजोरात, रंग काळवंडलेला, मग अंग ढिलं. अशा वेळी बाळाचे गुडघे छातीशी दुमडून धरायचे आणि तडक दवाखाना गाठायचा. झटके यायला लागले म्हणजे ऑपरेशन लांबवायची सोय संपली.

मी नोकरीला लागले तेव्हा दहा-बारा वर्षांची, ऑपरेशन न झालेली मुलं शवविच्छेदनाला येत. बोटांची टोकं फुगीर, नखं वाटोळी वळलेली. ऑक्सिजनची तूट भरून काढायला शरीर लाल पेशी वाढवत जातं. रक्त इतकं दाट होतं की मेंदूच्या शिरांत गुठळ्या होतात. दुसरा धोका मेंदूतल्या गळवाचा. शिरेतून येणारे जंतू एरवी फुप्फुसाच्या बारीक जाळीत अडकून मरतात. इथे काही रक्त ती जाळी टाळून थेट मेंदूकडे जातं. कवटी उघडल्यावर हिरवट पूने भरलेली पोकळी दिसली की हृदय बघण्याआधीच निदान कळायचं. ऑपरेशन केलंच नाही तर टेट्रॅलॉजीची निम्मी मुलं तिसऱ्या वर्षाच्या आसपास जातात, दहाव्या वर्षापर्यंत चारांतलं एखादं उरतं. ऑपरेशन झालेल्या शंभर मुलांपैकी पंचाण्णवांहून जास्त घरी जातात आणि बहुतेक जण मोठे होऊन संसाराला लागतात.

मेलेल्या हृदयांनी शिकवलेलं

हा फरक पडायला पावणेतीनशे वर्षं लागली. १६७१च्या सुमारास डेन्मार्कच्या निल्स स्टेन्सन यांनी, पॅरिसमध्ये आधी उघडून पाहिलेल्या एका मृत जन्मलेल्या अर्भकाच्या हृदयातली हीच बांधणी लिहून ठेवली. हे तेच स्टेन्सन, ज्यांनी खडकांचे थर वाचायची रीत घालून दिली. १८८८मध्ये मार्सेयच्या आर्थर फॅलो यांनी ‘निळ्या आजारा’वर लेखमाला लिहिली. तोवर समज होता की वरच्या कप्प्यांमधलं गर्भातलं भोक बुजलं नाही म्हणून मूल निळं पडतं. फॅलो यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की कारण तिथे नाही, खालच्या या चौकडीत आहे. त्यांचं नाव या विकाराला १९२४ साली कॅनडाच्या मॉड अ‍ॅबट यांनी दिलं.

अ‍ॅबटबाईंबद्दल मला विशेष ओढ आहे, कारण त्याही म्युझियमवाल्या. मॅगिल विद्यापीठाने बाई म्हणून त्यांना वैद्यकीच्या वर्गात घेतलं नाही. त्या दुसऱ्या कॉलेजातून १८९४मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे त्याच मॅगिलच्या म्युझियमची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कपाटात पडलेली एक अनोळखी बरणी त्यांच्या हाती लागली. ते एकच कार्यक्षम खालचा कप्पा असलेलं हृदय होतं, अँड्र्यू होम्स यांनी १८२४मध्ये वर्णन केलेलं. तिथून त्या जन्मजात हृदयविकारांच्या वाटेला लागल्या आणि १९३६ साली हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अ‍ॅटलस त्यांनी छापला. तेव्हा या हजारांतल्या एकाच्याही हृदयाच्या आतला दोष दुरुस्त करण्याची सोय जगात नव्हती. बाई तरीही नोंदी करत राहिल्या.

त्या नोंदी उपयोगी पडायला फार वेळ लागला नाही. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये हेलन टाउसिग निळ्या मुलांवर उपचार करत. त्यांना ऐकू कमी येई. मुलाच्या छातीवर हात ठेवून त्या पुष्कळसं ताडत. त्यांच्या लक्षात आलं की टेट्रॅलॉजीची काही मुलं सुरुवातीला ठीक असतात आणि डक्टस बंद झाल्यावर खालावतात. म्हणजे ती आडवी नळी वाकड्या वाटेने का होईना, फुप्फुसाला रक्त पोचवत होती. बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८मध्ये उघडी राहिलेली डक्टस बांधून दाखवली होती. टाउसिगबाईंनी त्यांना विचारलं, बंद करता तशी नवी तयार करता येईल का? त्यांनी रस दाखवला नाही. मग अल्फ्रेड ब्लेलॉक हॉपकिन्समध्ये आले. त्यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर ती जोडणी करून बसवली. थॉमस कृष्णवर्णीय होते, कॉलेजची पदवी नव्हती, पण टाके घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४४ला पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीची हाताकडे जाणारी धमनी फुप्फुस धमनीला जोडली गेली, तेव्हा थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून त्यांना सूचना देत होते. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी गेली. पण त्यानंतर हजारो मुलं या जोडणीवर मोठी झाली.

ही जोडणी म्हणजे तात्पुरती सोय. वाट अरुंदच राहत होती, भोक तसंच होतं. आतून दुरुस्ती १९५४मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी केली. हृदय-फुप्फुसाचं यंत्र तेव्हा भरवशाचं नव्हतं, म्हणून मुलाचा रक्तप्रवाह एका धडधाकट मोठ्या माणसाच्या रक्तप्रवाहाशी नळ्यांनी जोडून त्यांनी हृदय उघडलं.

टाका कुठे घालायचा नाही

आजचं ऑपरेशन सांगायला सोपं: भोकावर ठिगळ लावायचं, अशा बेताने की महाधमनी डाव्या कप्प्याच्या वाट्याला यावी, आणि फुप्फुसाच्या वाटेतला जादा स्नायू कापून ती मोकळी करायची. गोम आहे ती भोकाच्या काठाला.

हृदयाची लय ठरवणारा विद्युत संदेश वरच्या कप्प्यांतून खाली जायला एकच वाट आहे, एक बारीक धागा. टेट्रॅलॉजीत बहुतेकदा तो भोकाच्या मागच्या-खालच्या काठाजवळून जातो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. आजूबाजूच्या स्नायूसारखाच असतो. तिथे टाका खोल गेला की वरचे नि खालचे कप्पे एकमेकांचं ऐकणं सोडतात. सुरुवातीच्या वर्षांत भोक छान बुजायचं आणि मूल हार्ट ब्लॉकने जायचं. छातीला वायर जोडून भिंतीतल्या विजेवर हृदय चालवत. १९५७च्या ऑक्टोबरात मिनियापोलिस परिसरात वीज गेली आणि हा उपाय किती डळमळीत आहे ते लख्ख कळलं. लिलेहाय यांच्या सांगण्यावरून अर्ल बकन या तंत्रज्ञाने बॅटरीवर चालणारा, अंगावर बांधता येणारा पेसमेकर बनवला. आज आपल्या ओळखीतल्या कुणा आजोबांच्या छातीत पेसमेकर असेल, तर त्याच्या पूर्वजांत या मुलांचं ऑपरेशन आहे.

दुसरी बाजू आमच्या खात्यात झाली. शिकागोचे मॉरिस लेव्ह यांनी विकृत हृदयांचे अतिबारीक काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक बघत तो धागा कुठून जातो याचे नकाशे काढले; पुढे अँडरसन यांनी ते काम वाढवलं. एकेका हृदयाचे शेकडो काप. त्यातून कळलं की पाचांतल्या साधारण एका टेट्रॅलॉजीत त्या काठाला स्नायूची जाड पट्टी असते आणि धागा तिच्या आड सुरक्षित राहतो. बाकीच्यांत टाका काठापासून दूर, उजव्या बाजूने आणि वरवर घ्यायचा. शंभरात चार-पाच मुलांत हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी एक महत्त्वाची धमनी नेमकी त्या अरुंद वाटेवरून आडवी जाते. तिथे सर्जनला सरळ चीर देता येत नाही. ऑपरेशनच्या आधी इको, सीटी का करतात, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

ग्रहणाचा प्रश्न

फोनवर हे सगळं ऐकून झाल्यावर बाळाची आई फोन हातात घेते. आवाज खाली जातो. “काकू, मी ग्रहणात भाजी चिरली होती. त्यामुळे झालं का?” कुणी लोखंड पाळलं नाही म्हणते, कुणी पपई खाल्ली म्हणते. सासूबाई मागे ऐकत असतात, हे मला कळतं. मी मुद्दाम मोठ्याने बोलते.

गर्भाचं हृदय तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी धडधडू लागतं. तेव्हा ती एक साधी नळी असते. मग ती वळते, तिचे कप्पे पडतात, आणि पाचव्या ते आठव्या आठवड्यात एका वाटेच्या दोन वाटा होतात. तो पडदा बेचक्यात बसतो की पुढे सरकतो, हे याच दिवसांत ठरतं. अनेक बायकांना दिवस गेल्याची खात्रीही तेव्हा झालेली नसते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने ते बदलत नाही आणि पपईनेही नाही.

खरी कारणं सांगता येतील तेवढी सांगते. टेट्रॅलॉजीच्या साधारण शंभरात पंधरा मुलांत बाविसाव्या गुणसूत्राचा छोटासा तुकडा गळालेला असतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांतही हृदयविकार पुष्कळ. गर्भारपणाच्या आधीपासून ताब्यात नसलेला मधुमेह, फिटच्या काही गोळ्या, पहिल्या तिमाहीतला रुबेला यांनी जन्मजात हृदयविकाराचा धोका वाढतो. रुबेला आणि हृदयविकार यांचा संबंध ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या १९४१च्या निरीक्षणांतून पुढे आला. आज त्यावर लस आहे. पण बहुतेक घरांत एकही कारण सापडत नाही. आईने काही केलं म्हणून झालं, असं तर नाहीच. पुढच्या खेपेला अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्या, एवढं मी आवर्जून सांगते.

ऑपरेशननंतरची फाईल

शेवटचा मुद्दा मोठ्या झालेल्या मुलांसाठी. आपल्याकडे आता मुलं सापडू लागली आहेत. अंगणवाडी नि शाळांत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत पालघरहूनच सुरू झाला. त्यातून आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अनेक गरीब घरांतल्या मुलांची ऑपरेशनं पैशांशिवाय होतात. अडचण नंतर येते. छातीवरचा व्रण मिटला, पोरगं पळायला लागलं, की घरचे म्हणतात, “बरा झाला, आता कशाला दाखवायचं?”

वाट फारच अरुंद असेल तर ती मोकळी करताना फुप्फुसाच्या झडपेचं कडंही चिरावं लागतं. मग ती झडप गळू लागते. मुलाला काही जाणवत नाही. उजवा कप्पा वर्षानुवर्षं ते गळकं रक्त झेलत ताणला जातो आणि विशी-तिशीत एकदम धाप लागते किंवा लय बिघडते. असे ताणलेले, पातळ झालेले उजवे कप्पे मी टेबलावर पाहिले आहेत. त्यांतले काही वेळेवर झडप बदलली असती तर इथवर आले नसते. २००० सालापासून ही झडप शिरेतून नळी घालूनही बसवता येऊ लागली आहे. ती कधी बसवायची हे दर वर्षा-दोन वर्षांनी इको आणि गरजेप्रमाणे एमआरआय करत राहिलं तरच कळतं. दात किडू द्यायचे नाहीत, तिथले जंतू हृदयाला चिकटतात. मुलगी असेल तर दिवस राहण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

आणि ऑपरेशनची फाईल जपायची. त्यात सर्जनने लिहिलेलं असतं की झडपेचं कडं चिरलं की वाचवलं, ठिगळ कशाचं आणि किती मोठं होतं, आडवी धमनी होती का. वीस वर्षांनी ते सर्जन निवृत्त झालेले असतील, हॉस्पिटलचं रेकॉर्ड कुठल्या तरी गोदामात गेलेलं असेल. तेव्हा नवा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारील. म्हणून फोन ठेवताना मी गावाकडच्या प्रत्येकाला बजावते: शाळेचा दाखला, आधार आणि ही फाईल, तिन्ही एकाच ट्रंकेत ठेवा, आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून मलाही पाठवा.